पाण्याचा मान आणि तीन सेल

एका गावाला एक भोळा जावई मिळाला होता. गाव कपारवाडी आणि जावयाचं नाव लहानू. नाव लहानू असलं, तरी गडी दारातून आत यायचा तो वाकूनच. हाडापेराने थोराड, मनाने निर्मळ, आणि काम सांगावं तर सांगितलं तसंच करणारा. सांगितलं तसंच, हीच काय ती अडचण होती.

दुसऱ्या कुठल्या गावात असा जावई खपून गेला असता. दिवाळीला यावं, चार दिवस लाडू खावेत, धोतरजोडी घ्यावी आणि जावं. कपारवाडीत मात्र जावयाला काम असायचं. गावावरच्या डोंगरात भैरोबाचं देऊळ होतं, आणि देवळाला लागूनच एक भुयार. भुयारात दीडशे पावलं आत गेलं की एक झरा. चैत्रात जत्रेच्या दिवशी त्या झऱ्याचं घागरभर पाणी आणून भैरोबाला घालायचं, आणि ते आणायचं गावच्या जावयाने. गावाने लेक दिली, जावयाने घागरभर पाणी द्यावं, एवढा साधा न्याय. ऊन माथ्यावर आलं की आत जायचं आणि देवळाची सावली पहिल्या पायरीला लागायच्या आत बाहेर यायचं. हा मान वरच्या आळीच्या सणसांचा. सणसांचा जावई एकदा जरी रिकामा आला, तरी मान कायमचा खालच्या आळीच्या ढमाल्यांकडे जाणार, हे पूर्वापार ठरलेलं. नानू ढमाले तर दरसाल देवळाच्या पायरीजवळच बसायचे, सावली नीट दिसावी म्हणून.

हैबती सणसांना तीन जावई. थोरला लांबच्या मुलखात नोकरीला. मधला गेल्या वर्षी पलिता घेऊन आत गेला. पलित्याच्या धुराने भुयाराच्या तोंडावरचं आग्या मोहोळ उठलं. मधल्याने पाणी आणलं खरं, पण त्याचं सुजलेलं तोंड आणि हातातली घागर यांतली घागर कुठली, हे ओळखायला गुरवाला अंमळ वेळ लागला. मधला तेव्हापासून सासुरवाडीला फिरकला नाही. गावानेही ठरवलं, यापुढे भुयारात विस्तव न्यायचा नाही. सणसांचा मुलगा केरबा बोगद्याच्या कामावर होता. त्याने डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा पाठवून दिला.

आता जावई उरला धाकटा. म्हणजे लहानू.

धाकटी हौसा माहेरी आली की बायका तिला नवऱ्याचे किस्से विचारायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. हौसा मान खाली घालून भाकऱ्या थापत राहायची. या वेळी एसटीतून उतरताना तिने लहानूला सांगितलं, "माझं एवढं ऐका. कुणी काही सांगितलं की ध्यानात ठेवा. रुमालाला गाठ मारा. एवढं पाणी आणलंत ना, तर मी माहेरात एकदा तरी मान वर करून चालंन."

लहानूचा बायकोवर फार जीव. त्याने तिथल्या तिथे रुमाल काढून हातात धरला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कपारवाडीत जावयाला रागावायची पद्धत नव्हती. त्याने घराला आग लावली, तरी 'चुकलात' म्हणायचं नाही. 'पुढच्या खेपेला असं असं करावं, पाव्हणं,' एवढंच म्हणायचं, आणि मग विहिरीवरून पाणी आणायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी हैबतींनी दिवा काढला. बटण दाबलं. दिवा लागेना. मागचं झाकण उघडलं तर आत तीन बारीक सेल, तिन्ही मेलेले.

"पाव्हणं," हैबती म्हणाले, "बाजारात जाऊन तीन सेल आणा. जाड नको. बारीक पाहिजेत."

लहानू दोन कोस चालून बाजाराच्या गावाला गेला. सुभानभाईच्या दुकानात सेल मिळायचे. सुभानभाईने तीन तऱ्हेचे सेल फळीवर मांडले. एक जाड, एक मधला, एक बारीक.

"ह्याहून बारीक हाय का?" लहानूने विचारलं.

"ह्याहून बारीक म्हणजे मनगटी घड्याळाचा."

"तो द्या."

लहानूने टिकलीएवढे तीन सेल घरी आणले. हैबतींनी ते दिव्यात घातले आणि दिवा हलवून बघितला. दिव्याचा खुळखुळा झाला होता. शेजारचं तान्हं पोर रडायचं थांबलं, तेवढा एक फायदा झाला.

हैबती म्हणाले, "पुढच्या खेपेला, पाव्हणं, जुना नमुना संगं न्यावा. हुबेहूब तसलाच आणावा."

लहानूने ध्यानात ठेवलं. रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ मारली, मेलेला सेल खिशात टाकला आणि परत दोन कोस चालत गेला.

सुभानभाईने नमुना बघून बरोबर त्याच मापाचा नवा सेल पुढे केला. लहानूने दोन्ही सेल शेजारी ठेवले. उंची तीच. जाडी तीच.

"हा पेटतो का?" त्याने विचारलं.

"नवा आहे. पेटणारच."

"मग हा नको. आमचा पेटत नाही. हुबेहूब आमच्यासारखा पाहिजे."

सुभानभाईने फळीखालच्या भंगाराच्या खोक्यात हात घातला आणि तीन मेलेले सेल काढून दिले. वर पैसे घेतले नाहीत. लहानूला वाटलं, माणूस दिलदार आहे.

घरी आल्यावर हैबतींनी सेल घातले, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग लहानूने नमुन्याची गोष्ट सांगितली. हौसाने परातीत मान घातली. हैबती उठले, रांजणातलं तांब्याभर पाणी प्यायले आणि येऊन बसले.

"पुढच्या खेपेला, पाव्हणं, जुनं घेऊ नये. तारीख बघावी. तारीख उलटून गेलेलं घरात आणू नये. नवंकोरं आणावं."

लहानूने दुसऱ्या कोपऱ्याला गाठ मारली. तिसऱ्यांदा बाजारात गेला. या वेळी मात्र त्याने बारीक सेल घेतले, नवे घेतले आणि तारीख सुभानभाईकडून तीनदा वाचून घेतली. घरी आणून स्वतःच्या हाताने दिव्यात बसवले. तिघांची टोकं एका बाजूला, शाळेतल्या पोरांसारखी शिस्तीत.

दिवा लागला नाही.

हैबतींनी झाकण उघडून बघितलं आणि प्रथमच त्यांना थोडं हसू आलं. चूक माणसासारखी होती. "असं नसतं, पाव्हणं. शेजारशेजारच्यांनी एका दिशेला तोंड करून भागत नाही. एकाचं डोकं वर, तर दुसऱ्याचं खाली. मधला उलटा पाहिजे. मधला उलटा, तरच चालतं."

तिसरी गाठ.

मधला सेल फिरवला आणि दिवा असा लागला, की चुलीमागचा बोका भिंतीवर चढला. सासू गजराबाईंनी देवाला हात जोडले. त्या उजेडात हौसाने मान जराशी वर केलेली लहानूने बघितली. त्याला फार बरं वाटलं. आपण ध्यानात ठेवत गेलो तर सगळं नीट होतं, अशी त्याची खात्री पटली.

जत्रेच्या सकाळी घरात माणसांची ही गर्दी. पालखी दारात सजत होती. हैबती म्हणाले, "पाव्हणं, तेवढं शिदू गुरवाला घेऊन या. गुरवाशिवाय पालखी हलायची नाही."

लहानू गुरवाच्या घरी गेला. शिदू गुरव ओसरीवर बसून चंदन उगाळत होता. हात थरथरत होते, दात एकही नव्हता. लहानूने रुमाल चाचपला. दुसरी गाठ हाताला लागली.

"बाबा, तुम्ही कधीचे?"

"मी? पटकीची साथ आली त्या सालचा. ब्याऐंशी झाली की मला."

लहानूला वाईट वाटलं. म्हातारा चांगला होता, पण तारीख उलटून गेली होती. अंगणात गुरवाची पणती मातीत बसून मडक्याचा तुकडा चोखत होती.

"आणि ही कधीची?"

"ती? ह्या संक्रांतीला वर्साची झाली."

लहानूने पोरीला उचललं, खांद्यावर बसवलं आणि तडक सणसांच्या दारात आणून पालखीपुढे उभी केली. उभी कसली, ती बसलीच.

"गुरव कुठं हाय?" हैबतींनी विचारलं.

"हाच घ्या," लहानू म्हणाला. "गुरवाच्याच घरातला हाय. नवाकोरा."

पोरीने नैवेद्याच्या ताटातलं केळं सालीसकट तोंडात कोंबलं आणि भोकाड पसरलं. खालच्या आळीचे लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांत नानू ढमाले सगळ्यांत पुढे. बरं झालं, की पोर कुणी पळवली म्हणून शिदू गुरव काठी टेकत मागोमाग आलाच. त्यामुळे गुरवही मिळाला आणि पोरही घरी गेली. हैबतींनी नुसते डोळे मिटले. बोलायची सोय नव्हती.

आता पालखी उचलायची. मानकरी जावई पालखीपुढे चालणार आणि खांदेकऱ्यांना जागा लावून देणार, अशी रीत. पालखीचा दांडा लांब. पुढे तीन खांदेकरी, मागे तीन. सगळे डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. लहानूने ती ओळ बघितली. तिघंही एका दिशेला. अशाने काय चालणार?

त्याने पुढच्या तिघांतला मधला आणि मागच्या तिघांतला मधला, दोघांना धरून उलट फिरवलं.

"आवो, असं कसं?" मधला म्हणाला.

"मधला उलटा, तरच चालतं," लहानू म्हणाला. "मामांनी सांगितलंय."

मानकऱ्याचा शब्द मोडायचा नाही, म्हणून खांदेकऱ्यांनी तशीच पालखी उचलली. पहिला वर चालला. मधला खाली चालला. पालखी पुढे चार पावलं जाई आणि मागे चार पावलं येई. हलगीवाल्याला वाटलं, देव रंगात आलाय. त्याने ठेका वाढवला. ठेका वाढला तसे खांदेकरीही जोरात चालायला लागले, कुणी वर, कुणी खाली. आजूबाजूच्या गावांहून आलेले लोक म्हणाले, अशी नाचती पालखी आपण जन्मात बघितली नव्हती. त्यांनी दुप्पट नारळ फोडले. अर्धी घटका झाली तरी पालखी दारातच होती.

शेवटी हैबती पुढे झाले. "पाव्हणं, माणसं निराळी, सेल निराळे," एवढंच म्हणाले आणि मधल्यांना सुलटे केले. लहानूला यातून काय ध्यानात ठेवायचं ते कळलं नाही. 'असं करावं' असं त्यात काहीच नव्हतं. त्याने गाठ मारली नाही.

देवळापाशी पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं. नानू ढमाले आधीच पायरीजवळ जाऊन बसले होते. गजराबाई तांब्याची घागर घासूनपुसून घेऊन आल्या आणि त्यांनी जावयाकडे बघितलं. लहानूने दिवा डोक्याला बांधला होता आणि तो सकाळपासून लावूनच ठेवला होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणला. "पाव्हणं, उजेडात दिवा लावू नये. सेल उतरतात. अंधार असंल तवाच लावावा."

"बरं, मामी." लहानूने दिवा बंद केला. चौथी गाठ.

गजराबाईंना राहवेना. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ तसंच गेलं होतं. सेल आत राहून गळला आणि सगळी कळ गंजली. केरबाचा नवा दिवा तसा वाया जायला नको. म्हणून त्या म्हणाल्या, "आणि एक. काम झालं की आतलं काढून ठेवावं. आत राहिलं की गळतं, आणि सगळं नासून जातं. काढावं, कोरडं पुसावं, मग बाहेर आणावं."

"बरं, मामी."

रुमालाला कोपरे चारच. पाचवी गाठ लहानूने मधोमध मारली, मोठी.

शिदू गुरवाने घागरीला कुंकू लावलं. लहानूने घागर खांद्यावर घेतली. हौसा बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. लहानूने तिच्याकडे एकदा बघितलं आणि भुयारात शिरला.

दहा पावलांवर अंधार लागला. लहानूने बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. उजेडात दिवा लावू नये, म्हणून त्याने तो बंद केला. पुन्हा अंधार. अंधार असला की लावावा. लावला. पुन्हा उजेड. बंद केला. पावलागणिक एकदा लावायचा, एकदा विझवायचा, असं करत तो पुढे चालला. खांदा दुखायला लागला, बोट दुखायला लागलं. पण सांगितलेलं म्हणजे सांगितलेलं. बाहेर लोक भुयाराच्या तोंडाशी दाटी करून आत बघत होते. आत चमकायचं आणि विझायचं, चमकायचं आणि विझायचं.

शिदू गुरवाने जमिनीला डोकं टेकलं. "देव डोळं मिचकावतोय," तो म्हणाला. "ब्याऐंशी वर्सांत पयल्यांदा."

लहानू झऱ्यापाशी पोचला. पाणी गार होतं आणि काचेसारखं स्वच्छ. त्याने घागर बुडवली. बुडबुडबुड करत ती काठोकाठ भरली. मधमाशी एक उठली नाही. पाय कुठे घसरला नाही. काम झालं होतं. लहानूने कमरेचा रुमाल काढला, मधली मोठी गाठ चाचपली, पुढचं जे करायचं ते मन लावून केलं, आणि घागर डोक्यावर ठेवून माघारी वळला. दोन्ही हात घागरीला लागले होते, त्यामुळे दिव्याचं बटण दाबता येईना. दिवा लागलेलाच राहिला. त्याला ते खटकलं, पण इलाज नव्हता.

तो बाहेर आला तेव्हा सावली पायरीपासून चार बोटं लांब होती.

मग काय विचारता! हलगी कडाडली, गुलाल उधळला. गजराबाईंनी जावयावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डोळे पुसले. हैबतींच्या मनात तीन खेपा, एक पणती आणि नाचती पालखी सगळं माफ झालं. नानू ढमाले उठून दुसरीकडे बघायला लागले. आणि हौसा घोळक्यातून पुढे आली. सगळ्या बायकांच्या पुढे, ताठ मानेने उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. लहानूने ते बघितलं. एवढ्यासाठीच तर त्याने सगळं ध्यानात ठेवलं होतं.

शिदू गुरवाने घागर घेतली. मंत्र म्हणत भैरोबावर कलती केली.

काही पडलं नाही.

आणखी कलती केली. मग उपडी केली. मग बुडावर थाप मारली. शेवटी आत हात घातला. घागर कोरडी ठणठणीत होती, आणि पुसून अशी लख्ख, की गुरवाला बुडाशी आपलं तोंड दिसलं.

हलगी थांबली.

"पाव्हणं," हैबती हळूच म्हणाले, "पाणी?"

"झऱ्यात हाय."

"भरलं नव्हतं?"

"भरलं की. काठोकाठ भरलं. भरलं म्हणजे काम झालं. काम झालं की आतलं काढून ठेवायचं. आत राहिलं की गळतं, आणि सगळं नासून जातं. मामींनीच सांगितलंय. ह्या रुमालानं कोरडी पुसलीया बघा."

त्याने रुमाल दाखवला. ओलाचिंब होता. पाचही गाठी शाबूत होत्या.

गजराबाई देवळाच्या खांबाला धरून खाली बसल्या. सावली पायरीला लागली. नानू ढमाल्यांनी ती बोटाने दाखवली. सणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान खालच्या आळीला गेला. हौसाची मान हळूहळू खाली गेली, खाली गेली आणि जमिनीकडे बघत ती तशीच उभी राहिली.

रागावायचं नव्हतंच. हैबती म्हणाले, "पाव्हणं, ते सेलाचं होतं. काम झालं की दिव्यातले सेल काढायचे होते."

लहानूने कपाळाला हात लावला. भर दुपारच्या उन्हात दिवा तसाच पेटलेला होता. तो वळला, बायकोजवळ गेला, गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पायांपाशी जमिनीवर सगळीकडे उजेड फिरवायला लागला.

"सेल एवढ्यात कसं काढू, मामा?" तो म्हणाला. "हौसाचं काय तरी पडलंय. बघा की, कवापासून खाली बघतीया. तेवढं सापडलं की काढतो."